शून्य क्लॅश

४ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कोणी वाचेल अशी भीती नाही. घरात वाचता येणारी मी एकटीच, आणि मी स्वतःचं लिहिलेलं फारसं मनावर घेत नाही.

मुद्द्याचं आधी. ऑफिसात मी अजून तात्पुरती आहे. साहेब म्हणाले, डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम नीट पार पडलं तर मार्चपासून कायम. या वाक्यातला 'तर' मी मनाला लावून घेतलेला नाही. काल दिवसभर विचार करून तसं ठरवलं.

नव्या वर्षाचे संकल्प: शांत राहणे. दर वाक्याला सॉरी न म्हणणे. मॉडेलमध्ये शून्य क्लॅश. पैकी शांत राहणं जमलेलंच आहे. तीनदा तपासलं.

४ जानेवारी, संध्याकाळ

आईनं विचारलं, तू तिथे नेमकं करतेस काय. शांतपणे सांगितलं. इमारत बांधण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये पूर्ण बांधायची. भिंती, नळ, वायरी, दारांच्या बिजागऱ्यांसकट. याला बीआयएम म्हणतात. मग कुठे दोन वस्तू एकाच जागी येतात का ते कॉम्प्युटर शोधतो. नळ तुळईतून चाललाय, दार पाइपावर आपटतंय, असं. याला क्लॅश म्हणतात. ते मी मिटवते.

आई म्हणाली, म्हणजे भांडणं. मी म्हटलं, नाही गं, हे तांत्रिक असतं. ती म्हणाली, दोघांना एकच जागा हवी आणि सरकायला कोणी तयार नाही, याला आमच्यात भांडणच म्हणतात.

बाबा ट्रकवरून आल्यावर आईनं त्यांना सगळं परत सांगितलं. बाबांनी आधी हातपाय धुतले. मग म्हणाले, एकदा तिथे पूर्ण बांधून झाली, तर परत कशाला बांधायची? प्रश्न चांगला आहे. उत्तर तयार करून रविवारी देणार.

६ जानेवारी

आईनं शेजारणीला सांगितलं, आमची ऑफिसात भांडणं मिटवते, त्याचा पगार मिळतो. शेजारीण संध्याकाळी सासूला घेऊन हजर. दोघींना कपडे वाळत घालायला एकच दोरी. मी म्हटलं, सॉरी, हे माझ्या क्षेत्रात येत नाही. सासू म्हणाली, मग इतकी वर्षं शिकलीस काय?

तोडगा सुचवला: खाली आणखी एक दोरी बांधा. दोघींनाही वरचीच हवी आहे. आता दोघी मिळून माझ्याशी बोलत नाहीत. थोडक्यात, आपसातलं मिटलं.

१० जानेवारी, रविवार

बाबांना उत्तर दिलं. चुका कॉम्प्युटरमध्येच होऊन जाव्यात, खऱ्या इमारतीत होऊ नयेत, म्हणून आधी तिथे बांधायची. बाबांना एकदम पटलं. ट्रकसाठी असं काही निघालंय का, म्हणाले.

११ जानेवारी

मॉडेलमधले क्लॅश हजाराच्या वर निघाले. प्रत्येकाला एक लाल गोळा. स्क्रीनला गोवर आल्यासारखं दिसतं. घाबरले नाही. डबा खाल्ला नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

पद्धत ठरवली, सोपे आधी. वायरींचा ट्रे थोडा खाली घेतला. तो एसीच्या डक्टला लागला. डक्ट सरकवला. तो दिव्यांना लागला. दिवे सरकवले. संध्याकाळपर्यंत क्लॅश सकाळपेक्षा वाढले होते. प्रगतीच्या सुरुवातीला असं होतं, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतंय. नसेल वाचलं तर कोणीतरी लिहायला हवं.

१५ जानेवारी. साइटवर

आज टॅबलेट घेऊन साइटवर. टॅबलेट खऱ्या भिंतीसमोर धरला की तिच्यावर मॉडेलमधली भिंत दिसते. जुळलं तर हिरवं, चुकलं तर लाल. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. मिस्तरी त्याला 'भुताचा आरसा' म्हणतो. दुर्लक्ष केलं.

पहिल्या मजल्यावर टॅबलेट धरला. सगळा मजला लाल. एकूण एक भिंत आठदहा हात बाजूला. मिस्तरीला शांतपणे सांगितलं, तुमचा पूर्ण मजला चुकलाय. तो म्हणाला, मजला कुठे जातोय मॅडम, काल होता तिथेच आहे. मी म्हटलं, सॉरी, पण मॉडेल तसं म्हणत नाही. म्हणाला, मग मॉडेललाच सांगा जरा सरकून घ्यायला, ते हलकं आहे.

उद्धट आहे. पण मी चिडले नाही, फक्त जिन्यात थोडा वेळ बसले. मग रिपोर्ट पाठवला, साहेबांपासून सगळ्यांना. विषय: 'इमारत मॉडेलपासून सरकली आहे'.

१८ जानेवारी

आपण कुठे उभे आहोत हे टॅबलेटला कळावं म्हणून ठरलेल्या खांबावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक स्टिकर लावायचा असतो. मी तो शेजारच्या खांबावर लावला होता. दोन्ही खांब हुबेहूब सारखे आहेत. यात खांब बांधणाऱ्याचा काहीच दोष नाही, असं मी म्हणणार नाही.

स्टिकर हलवला. मजला हिरवा झाला. पुरवणी रिपोर्ट पाठवला: 'इमारत जागेवर परत आली आहे'.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बराच वेळ नुसतं माझ्याकडे बघितलं. कौतुक शब्दांत मांडणं काहींना जमत नाही.

मिस्तरीला एकदाच सॉरी म्हणायचं ठरवलं होतं, चारपाच वेळा झालं. तो म्हणाला, असू द्या हो. मी एकदा दुसऱ्याच बिल्डिंगला प्लास्टर करून आलो होतो. आतून सुरू केलं, कळलंच नाही.

२२ जानेवारी

साहेबांना आज हेडसेट घातला. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. डोळ्यांवर ती पेटी चढवली की माणूस थेट हॉस्पिटलच्या आत उभा. चालायचीही गरज नाही. हातातली कांडी हवं तिथे रोखायची, बटण दाबायचं, की तिथे. वरच्या मजल्यावर म्हणा, भिंतीपलीकडे म्हणा. जिन्याचं काम नाही, दाराचं काम नाही.

साहेब रिसेप्शनमध्ये पोचले. खूश झाले. चौफेर बघून म्हणाले, वा, आणि हातातला चहाचा कप समोरच्या काउंटरवर ठेवला. काउंटर मॉडेलमधला होता. कप खरा होता.

काउंटर किती हुबेहूब झालाय याचा याहून मोठा पुरावा नको. साहेबांच्या पायाला बर्फ लावला. मला वाटतं 'कायम'चा विचार त्यांच्या डोक्यात सुरू झालाय.

२७ जानेवारी

हजाराच्या वर होते, आज एकच क्लॅश उरला. जेवण जातंय. आई म्हणाली, रंग बरा दिसतोय, किती भांडणं राहिली? म्हटलं, एक. म्हणाली, शेवटचंच चिवट असतं.

उरलेला क्लॅश: दुसऱ्या मजल्यावरच्या अंधारखोलीचं दार. पेशंटच्या डोळ्यात थेंब टाकून डॉक्टरबाई आतला पडदा बघतात, ती ही खोली. खिडकी नाही. हॉस्पिटल या डॉक्टरबाईंचंच, आणि अख्ख्या इमारतीत त्यांची अट एकच: अंधारखोलीत उजेडाचा कणही येता कामा नये. दार बाहेर उघडलं तर आग विझवायच्या नळाच्या पेटीवर आपटतं. आत उघडलं तर पेशंटच्या खुर्चीवर. पेटी हलवता येत नाही, नियम आहे. खुर्ची हलवता येत नाही, ती जमिनीत बसवायची आहे.

आर्किटेक्टला मेल केली, दार सरकतं करू का? उत्तर आलं: अंगठा. परत विचारलं, अंगठा म्हणजे सरकतं करा, की मेल मिळाली? उत्तर: अंगठा.

१ फेब्रुवारी

साहेबांनी सकाळी विचारलं, शून्य कधी? तोंडातून निघून गेलं, आज. साहेब म्हणाले, गुड. आता 'आज' म्हटल्यावर आजच करायला हवं होतं.

दार तात्पुरतं काढून ठेवलं. मॉडेलमधून. दार काढलं की भिंतीतली मोकळी जागा प्रोग्रॅम स्वतःच बुजवतो. फार शिस्तीचा प्रोग्रॅम आहे. आर्किटेक्टचं नक्की उत्तर आलं की दार परत बसवायचं. यात लपवाछपवी नाही. खोली रिकामी करताना आपण खुर्ची बाहेर ठेवतो, तसंच.

तपासणी चालवली. क्लॅश: शून्य. एकही लाल गोळा नाही. पुन्हा चालवली. शून्य. घरी जाण्यापूर्वी आणखी एकदा चालवली.

विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'दार'.

२ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवली. विषय: 'शून्य क्लॅश'. त्यात माझं नाव होतं, स्पेलिंग चुकलं होतं, पण मीच होते.

घरी सांगितलं. बाबांनी खाली जाऊन दोनतीन ट्रकवाल्यांना सांगितलं. आई मात्र भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, सगळी भांडणं मिटली? मग आता तुला कशाला ठेवतील? हा विचार माझ्या डोक्यात आलेला नव्हता. जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी

डॉक्टरबाई ऑफिसात आल्या. बारीक चणीच्या, आवाज मोठा. हेडसेट घालून म्हणाल्या, बाकीचं राहू द्या, मला अंधारखोलीत न्या. कांडी रोखली, बटण दाबलं, पोचल्या. वाकून खाली बघितलं, मान वर करून छत बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांच्या पायाकडे बघितलं.

मग म्हणाल्या, अहो, किती दवाखाने बघितले, सगळीकडे दाराखालून उजेडाची एक चीर येतेच. पडदा लावा, पट्टी लावा, येतेच. इथे कुठूनच नाही. हे कसं केलंत?

मी म्हटलं, बारकाईनं काम केलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हिला सोडू नका. साहेब म्हणाले, छे, सोडतोय कसले. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते आहे. यात 'तर' कुठेही नाही.

९ फेब्रुवारी

मॉनिटरवर एक पिवळी चिठ्ठी आहे, 'दार'. अक्षर माझंच. बहुधा निघताना ऑफिसचं दार नीट लागलंय का ते बघण्यासाठी लावली असावी. चांगली सवय आहे. हल्ली रोज जिना उतरल्यावर परत वर जाऊन कडी ओढून बघते. रखवालदार म्हणाला, ताई, कुलूप पळून जात नाही. मी सॉरी म्हटलं. संकल्पाचं एकदा बघायला हवं.

१२ फेब्रुवारी. साइटवर

दुसरा मजला. टॅबलेट धरला, सगळं हिरवं, आणि अंधारखोलीच्या भिंतीत मधोमध एक उभा लाल पट्टा. माणसाएवढा उंच, जमिनीपासून सुरू. म्हणजे मिस्तरीनं तिथे भिंत घातलेलीच नाही, मोकळी जागा सोडली आहे. मॉडेलमध्ये तिथे सरळ भिंत आहे.

विचारलं, ही जागा का सोडली? म्हणाला, आत सिमेंटच्या गोण्या ठेवल्यात, माझा डबा पण आत आहे, जायला यायला वाट नको? मागच्या अंगाला दार असेलच, तिकडची भिंत दुसरी टोळी बांधतेय. शेवटी ही बुजवून टाकू.

म्हणजे स्वतःच्या डब्यासाठी इमारतीत फेरबदल. मी शांतपणे सांगितलं, तुमच्या सोयीसाठी मॉडेल बदलत नाही. लाल म्हणजे लाल. तो म्हणाला, मागचं दार बघून घ्या म्हणजे झालं. मी म्हटलं, मागच्या भिंतीलाही टॅबलेट लावून बघितलाय, पूर्ण हिरवी आहे. म्हणाला, हिरवी तर हिरवी, मला काय.

ठामपणे बोलण्याचा हा माझा पहिला प्रसंग. घरी येताना एक स्टॉप पुढे उतरले, पण समाधानानं.

१५ फेब्रुवारी

मोठा डेमो शुक्रवारी, एकोणीसला, साइटवरच. डॉक्टरबाई दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये उभ्या राहून हेडसेटमधून पूर्ण झालेलं हॉस्पिटल बघणार, मग तो काढून समोर उभं राहिलेलं बांधकाम बघणार, आणि दोन्ही तंतोतंत एक. साहेब म्हणाले, हे झालं की सोमवारी तुमचं कायमचं पत्र टाइप करायला घेऊ. 'झालं की' म्हणाले. 'झालं तर' नव्हे.

आईला सांगितलं. तिनं पत्र ठेवायला ट्रंकेत जागा केली. माझ्या पहिलीपासूनच्या सगळ्या मार्कशीट तिथेच आहेत. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, पण कोणती कितवीची ते रंगावरून ओळखते.

१७ फेब्रुवारी

भाषण पाठ करते आहे. अंधारखोलीपाशी आवाज थोडा खाली आणून म्हणायचं: 'आता दिवे बंद करा. बंद करा. पूर्ण बंद करा. बघा, उजेडाचा कण तरी येतोय?' बाबांसमोर म्हणून दाखवलं. बाबांनी उठून दिवा बंद केला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.१५, साइटवर

डेमो बाराला. सगळी तयारी चोख. नवा हेडसेट साहेबांकडे. तो माझ्या फोनच्या इंटरनेटवर चालतो, म्हणून फोनही त्यांच्याकडे. टॅबलेट मिस्तरीकडे दिला आणि सांगितलं, डॉक्टरबाई येण्याआधी तो लाल पट्टा बुजवा, सगळं हिरवं दिसेपर्यंत थांबू नका, कोणी काही म्हणालं तरी थांबू नका. गोण्या आणि डबा त्यानं कुरकुरत बाहेर काढला.

जुना हेडसेट घेऊन मी अंधारखोलीत सराव करणार. ऊन नाही, वारा नाही, कोणी मध्ये बोलत नाही. बांधकामाच्या आवाजानं शब्द चुकतात म्हणून कानात कापसाचे बोळे.

शांत आहे. मुद्दाम नाडी बघितली. जलद आहे, पण तालात.

१९ फेब्रुवारी. वेळ माहीत नाही

अक्षर वेडंवाकडं येतंय. छताजवळ एसीच्या डक्टसाठी एक भोक ठेवलंय, त्यातून थोडा उजेड येतो, त्यात लिहिते आहे. (हा उजेड यायला नको. नोंद.)

सराव तीनदा केला. उत्तम झाला. तिसऱ्या वेळी हेडसेटनं सूचना दिली की आजूबाजूला पुरेसा उजेड नाही. आनंद झाला. म्हटलं, जमली अंधारखोली.

मग हेडसेट काढला. अंधार तसाच. वाटलं, काढायचा राहिला. परत काढायला गेले. निघेना, कारण तो हातात होता.

कानातले बोळे काढले. भिंत चाचपत चारही बाजू फिरले. जिथून मी आत आले होते तिथे भिंत आहे. ओली आहे. काम स्वच्छ आहे, सांधे एका रेषेत. बाहेरून आता नक्कीच हिरवं दिसत असणार.

परत एकदा फिरले, कारण आधी घाईत एखादी बाजू सुटली असेल. सुटली नव्हती.

चिठ्ठी आठवली.

ऑफिसचं दार नव्हे. हे दार.

हाक मारावी का? डेमोच्या दिवशी साइटवर आरडाओरडा बरा दिसत नाही. मिस्तरी परत आला की हळूच सांगता येईल. तोवर थांबते. बाहेर बोलण्याचा आवाज येतोय. डॉक्टरबाई आल्या वाटतं. लवकर आल्या, की बारा वाजले?

शांत आहे.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ. घरी

क्रमानं लिहिते.

भोकातून सगळं ऐकू येत होतं. साहेब विचारत होते, मॅडम कुठे आहेत? मिस्तरी म्हणाला, आत होत्या. मी विचारलं, करू का बंद? तर म्हणाल्या, बंद करा, बंद करा, पूर्ण बंद करा. त्या बोलायच्या काही राहत नाहीत. गेल्या असतील मागच्या दारानं.

साहेब म्हणाले, येतील, आपण सुरू करू. पॅसेजमध्येच, भिंतीला लागून, त्यांनी डॉक्टरबाईंना हेडसेट घातला. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी माझी अंधारखोली. बटणाचा आवाज आला. म्हणजे आता त्या खोलीत आम्ही दोघी होतो. त्या मॉडेलमध्ये, मी खरी.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, खोली सुंदरच आहे हो, पण पेशंट आत आणायचा कुठून? साहेब म्हणाले, कांडी रोखा, बटण दाबा. त्या म्हणाल्या, मी आले हो बटणानं, पेशंटकडे बटण नसतं. साहेब म्हणाले, दार असेल ना. त्या म्हणाल्या, मी गोल फिरून बघितलं, चारही बाजूंना भिंत आहे. मग आवाज चढवून म्हणाल्या, मला सांगा, इथून बाहेर कसं पडायचं?

प्रश्न माझ्या अखत्यारीतला होता. उत्तर न देणं मला बरं वाटलं नाही. मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, सॉरी, मलाही तेच विचारायचं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अरे वा, आवाजाची सोय फारच खरी आहे. बाई अगदी शेजारी उभी आहे असं वाटतं.

साहेब म्हणाले, आपल्या मॉडेलला आवाज नाही.

बाहेर कोणाच्या तरी हातातली थापी खाली पडली.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मिस्तरी भिंतीजवळ येऊन म्हणाला, मॅडम, तुम्ही आत? म्हटलं, हो. म्हणाला, मागून का नाही गेलात? म्हटलं, मागे दार नाही. तो म्हणाला, पुढेही नाही. मी म्हटलं, सॉरी. साहेब ओरडले, अरे पाड ती भिंत. मिस्तरी म्हणाला, पाडतो, पण पाडली की आरशात लाल दिसेल, चालेल ना? तसं आत्ताच सांगा, नंतर माझ्या नावावर नको. हे त्यानं थट्टेनं विचारलं नव्हतं. माझ्या आठवड्याभराच्या शिकवणीचा परिणाम.

सिमेंटचा माल ओला होता, ब्लॉक सहज निघाले. कमरेएवढं भोक झाल्यावर मी बाहेर आले. केसांत सिमेंट, हातात हेडसेट. डॉक्टरबाईंनी त्यांचा हेडसेट काढला आणि माझ्याकडे, मग भोकाकडे, मग परत माझ्याकडे बघितलं. मी ठरल्याप्रमाणे नमस्कार करून स्वागत केलं. पुढची वाक्यंही पाठ होती, पण ती दिव्यांची होती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, आत होतात तेव्हा उजेड येत होता का? म्हटलं, डक्टच्या भोकातून येतो, लिहिता येण्याइतका. त्या साहेबांना म्हणाल्या, हे बघा, इतक्या दिवसांत कामाची गोष्ट हिनं आज सांगितली. मग म्हणाल्या, भोकाला आडोसा करा, आणि मला दार द्या. मला साधं दार द्या.

पाणी मागितलं ते मिस्तरीनं आणून दिलं. म्हणाला, मी दुसऱ्याच्या बिल्डिंगला प्लास्टर केलं होतं, पण बाहेर येता आलं होतं.

एकूण डेमो लक्षात राहण्यासारखा झाला.

२० फेब्रुवारी

साहेबांच्या केबिनमध्ये. त्यांनी विचारलं, शून्य क्लॅश म्हणजे शून्य दार, हे कधी ठरलं? मी सगळं सांगितलं, पेटी, खुर्ची, अंगठा, चिठ्ठी. साहेबांनी आर्किटेक्टला फोन लावून विचारलं, त्या अंगठ्याचा अर्थ काय होता? तो म्हणाला, 'बघतो' असा. मग म्हणाला, सरकतं दार करा, पाच मिनिटांचं तर काम आहे.

निर्णय असा: काम डॉक्टरबाईंनी काढून घेतलेलं नाही, म्हणून मलाही काढलेलं नाही. कायमचं पत्र सध्या नाही. हॉस्पिटल उघडेपर्यंत तात्पुरती, मग बघू. तोवर रोज प्रत्येक खोलीत मी जायचं. पायी. 'पायी' साहेब दोनदा म्हणाले. आत जायचं, बाहेर यायचं, मग पुढच्या खोलीत.

म्हणजे संपूर्ण इमारतीच्या प्रत्यक्ष तपासणीची स्वतंत्र जबाबदारी. ही एक प्रकारची बढतीच आहे असं दुपारपर्यंत वाटत होतं. दुपारनंतर कमी वाटायला लागलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

घरी कसं सांगायचं याचा सकाळी आराखडा केला. आधी डॉक्टरबाईंनी केलेलं कौतुक, मग स्वतंत्र जबाबदारी, मग चहा, मग शेवटी पत्राचं, जाता जाता. आईनं ट्रंकेचं झाकण उघडून विचारलं, आणलंस? आराखडा राहिला. कायम झाले नाही, इतकंच सांगितलं. का, तेही सांगितलं. भिंतीत अडकल्याचंही.

आईनं झाकण हळूच लावलं, माझ्या केसांत हात घालून सिमेंटचा एक कण काढला, आणि म्हणाली, काल दोनदा धुतलेस ना गं.

बाबांनी ट्रंक जागेवर सरकवली. मग म्हणाले, त्या डॉक्टरबाईंना दार मिळालं का पण? म्हटलं, हो, बसवलं. बाबा म्हणाले, मग झालं तर.

खरं दार अजून सुताराकडेच आहे, आठवड्याभरात येईल म्हणतात. मॉडेलमध्ये मात्र मी कालच बसवलं.